थोरलीचे दोन दिवस

माणसाला अजून उडायचं सुचलं नव्हतं, त्या काळची गोष्ट. एका तळ्यावर पंख मोडलेली एक थोरली चक्रवाकी राहायची. थंडी सरली की चक्रवाकांचा थवा डोंगरापलीकडे परतायचा, पण निघण्याआधी ती प्रत्येकाची छाती चोचीने दाबून बघायची. चरबी पुरेशी लागली तरच म्हणायची, "जा." नाहीतर, "अजून दोन दिवस चर."

थव्याचा म्होरक्या वैतागायचा. "थोरले, पलीकडे उतरतो तेव्हा दरवर्षी अंगावर चरबी उरलेलीच असते. ते ओझं फुकट कशाला वाहायचं? बदकं आधी पोचून चांगल्या जागा धरतात."

तिला पटलं नव्हतं. पण रोज कोण वाद घालणार? त्या वर्षी तिने चरायचे दोन दिवस कमी केले. सगळे सुखरूप पोचले आणि हिवाळ्यात परत आल्यावर तिला नावाजू लागले. पुढच्या वर्षी तिने आणखी दोन कमी केले.

त्या खेपेला पलीकडचं सरोवर धुक्यात बुडालं होतं. उतरायला जागा दिसेना, म्हणून थवा पुढच्या सरोवराकडे वळला. पाच जण तिथवर पोचलेच नाहीत.

हिवाळ्यात परतल्यावर म्होरक्या मान खाली घालून म्हणाला, "धुकं फार होतं, थोरले."

"धुकं कधीतरी असणारच," ती म्हणाली. "मला ठाऊक होतं. तरी मी 'जा' म्हटलं."

थंडी सरली. एका तरण्या पक्ष्याची छाती दाबून ती म्हणाली, "अजून दोन दिवस चर."

"आणि उरलं तर?"

"उरू दे, बाळा. त्या पाचांच्या अंगावर काहीच उरलं नव्हतं."