देवाचा डावा हात

"...पण हा हात कुठला आहे, मास्तर? तुम्हीच सांगा. डावा की उजवा?"

शाल्मलीने पुस्तक त्यांच्या नाकासमोर धरलं होतं.

मास्तरांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला. पुन्हा लावला. म्हाताऱ्या माणसांना उत्तर द्यायच्या आधी काहीतरी पुसायचंच असतं, असं शाल्मलीचं ठाम मत होतं.

"डावा," ते म्हणाले.

"आणि गोष्टीत आहे उजवा."

"बरं."

"बरं काय, मास्तर? सगळं चित्रच चुकलं ना."

ती दुपार आठवली की शाल्मलीचे कान अजून गरम होतात. तेव्हा मात्र ती अगदी ताठ बसली होती.

मिरजेत हुसेन मणेर यांना लोक ठसेमास्तर म्हणत. पुस्तकात चित्र छापायचं तर आधी ते लाकडाच्या ठोकळ्यावर कोरून ठसा करावा लागे, त्या काळातले ते कारागीर. छापखाने बदलले, ठसे अडगळीत गेले. मास्तर तेवढे राहिले, एका बंद छापखान्याच्या मागच्या खोलीत.

शाल्मली बिरनाळे सांगलीची. पुण्यात कलेचा इतिहास शिकत होती. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या चित्रकारांना उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या जुन्या देवांचं वेड लागलं होतं. हातोडा फेकणारा देव, एका डोळ्याचा देव, आभाळाएवढा लांडगा, खडकाला बांधलेला कपटी लोकी आणि त्याच्या तोंडावर पडणारं सापाचं विष वाटीत झेलत बसलेली त्याची बायको. जाडजूड पुस्तकं निघाली, त्यांत पानोपानी ठशांची चित्रं. शाल्मलीचा प्रबंध त्या चित्रांवर होता. खरं सांगायचं तर त्या चित्रांतल्या चुकांवर होता. तिथल्या लढवय्यांनी शिंगांची शिरस्त्राणं घातल्याचा पुरावा नाही, ती शिंगं बहुतेक चित्रकारांनीच त्यांच्या डोक्यावर चढवली, हे तिने चाळीस पानांत सिद्ध केलं होतं. चूक सापडली की तिला भूक लागायची.

तिला ठसा कोरायला शिकायचं होतं. मास्तरांनी तिला दोनदा परत पाठवलं होतं. एकदा म्हणाले डोळे गेले, एकदा म्हणाले दमट हवेने लाकूड फुगलंय. तिसऱ्या खेपेला ती आपला नवा लेख घेऊन आली. लेख सोमवारी एका मासिकाकडे जायचा होता. तो ऐकला की आपण कोण आहोत हे म्हाताऱ्याला कळेल, आणि मग तो शिकवायला नाही म्हणणार नाही, असा तिचा हिशोब होता.

खोलीत शिरल्याशिरल्या तिने मेजासमोर टांगलेल्या छोट्या आरशात बघून कपाळावरची बट सारखी केली होती. मास्तरांनी ते पाहिलं होतं.

"गोष्ट काय आहे?" त्यांनी आता विचारलं.

"लांडग्याची. फेनरिर त्याचं नाव. तो दिवसादिवसाला वाढत चाललेला. देव घाबरले. त्यांनी त्याला बांधायचं ठरवलं. साखळ्या तो तोडायचा, म्हणून एक रेशमासारखी दोरी करून घेतली. मांजराच्या पावलांचा आवाज, डोंगराची मुळं, बाईची दाढी, असल्या वस्तूंपासून."

"बाईची दाढी मिळाली कुठं त्यांना?"

"मास्तर, गोष्ट आहे ती."

"बरं, बरं. पुढं."

"देव म्हणाले, ही दोरी नुसती बांधून बघू, नाही तुटली तर सोडून देऊ. लांडग्याला संशय आला. तो म्हणाला, मग कुणीतरी माझ्या तोंडात हात ठेवा, जामीन म्हणून. सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. एकटा टीर नावाचा देव पुढे झाला आणि त्याने उजवा हात दिला. दोरी तुटली नाही. देवांनी लांडग्याला सोडलं नाही."

"आणि हात?"

"गेला. सगळे देव हसले. टीर सोडून."

मास्तरांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"चांगली आहे," ते म्हणाले. "आता तुझं वाच."

शाल्मलीने वाचलं. मूळ विलायती चित्रात हात उजवाच होता. पण साठेक वर्षांपूर्वी मुलांसाठी निघालेल्या एका मराठी पुस्तकात कुणीतरी त्याची नक्कल कोरली, आणि तिथे टीर डावखुरा झाला. तेच पुस्तक तिने मघाशी मास्तरांच्या नाकासमोर धरलं होतं. तिच्या लेखातलं सगळ्यांत धारदार वाक्य या ठशाबद्दल होतं. ते वाचताना तिने आवाज जरा चढवला.

"'ठसा उलटा कोरावा लागतो, म्हणजे छाप सुलटा येतो, हे पहिल्या दिवशी शिकवतात. या महाशयांना ना गोष्ट ठाऊक होती, ना आपलं काम. चित्राखाली नाव घालायलाही ते लाजले असावेत.'"

ती थांबली. इथे लोक हसतात हे तिला माहीत होतं. मागच्याच महिन्यात सांगलीच्या वाचनालयात व्याख्यान दिलं तेव्हा सगळं सभागृह हसलं होतं.

मास्तर हसले नाहीत.

"सभेत सगळे हसले होते," ती म्हणाली.

"सगळे?"

"सगळे."

"मोजलेस?"

हे मात्र तिला फार झालं. वाक्याची दाद द्यायची सोडून डोकी मोजायला सांगणारा माणूस. "मास्तर, मला शिकवणार आहात की नाही तेवढं सांगा. माझी पाचची गाडी आहे."

मास्तर उठले. फडताळातून एक कोरा ठोकळा काढला, काडेपेटीहून थोडा मोठा. वाळू भरलेली चामड्याची पिशवी मेजावर ठेवली, तिच्यावर ठोकळा, शेजारी एक कोरणी.

"लांडग्याचा जबडा काढ आणि त्यात हात. बाकी काही नको. हात उजवा आला तर उद्या बोलू."

"एवढंच?"

"एवढंच. कोरणी फिरवू नकोस. ती एका जागी धर आणि ठोकळा फिरव."

शाल्मलीला मनातून हसू आलं. उलटसुलट करायचं तर तिच्याइतकं कोण जाणतं? तिने स्वतःचा डावा हात मेजावर पसरला आणि त्याच्याकडे बघत पेन्सिलने लाकडावर चित्र काढलं. लाकडावर डावा म्हणजे कागदावर उजवा. अंगठा कुठल्या बाजूला यायला हवा, हे तिने दोनदा ताडून पाहिलं. मग कोरायला घेतलं.

लाकूड घट्ट होतं. पहिल्या दहा मिनिटांत कोरणी दोनदा निसटली, एकदा बोटावर. तिने बोट चोखलं आणि पुढे चालू ठेवलं. मास्तर मागे खुर्चीत बसून सुपारी कातरत होते. आरसा तिच्या डोळ्यांसमोर होता. तिने दोनदा त्यात पाहिलं. एकदा बट पुन्हा कपाळावर आली म्हणून, आणि एकदा मास्तर बघतायत की झोपलेत ते पाहायला.

बघत होते.

पाचची गाडी गेली. जबडा झाला, दात झाले, हात झाला. हात खरंच चांगला उतरला होता, बोटं जरा आखडलेली, जाणार हे माहीत असल्यासारखी. शाल्मलीला आपलंच कौतुक वाटलं. तिने खालच्या कोपऱ्यात झोकदार अक्षरांत नाव कोरलं, वर एक लांब रेघ, आपल्या प्रत्येक पुस्तकावर घालायची तशी.

मास्तरांनी ठशावर शाईचा रूळ फिरवला. पातळ कागद ठेवला. चमच्याच्या पाठीने घासला. मग कागद एका टोकाला धरून सावकाश उचलला आणि तिच्या हातात दिला.

"उजवा," ती म्हणाली. आवाजातला विजय तिने लपवला नाही. "बघा. अंगठा बघा."

"उजवाच आहे," मास्तर म्हणाले. "हात चांगला जमलाय."

"मग?"

"तो कोपऱ्यात कोण आहे?"

शाल्मलीने कोपऱ्यात पाहिलं. तिथे काहीतरी लिहिलेलं होतं. तिला ते वाचता येईना. क्षणभर तिला खरोखरच कळलं नाही की ते काय आहे. मग लांब रेघ दिसली, आणि रेघेखाली, उजवीकडून डावीकडे पळत चाललेलं तिचं स्वतःचं नाव.

 

पहिल्या दिवशी शिकवतात...

तिचं वाक्य तिलाच ऐकू आलं, तिच्याच चढवलेल्या आवाजात. मास्तर काहीतरी बोलतील म्हणून ती थांबली. हसले असते तरी बरं झालं असतं. ते पाठमोरे होऊन फडताळात काहीतरी शोधत होते.

त्यांनी एक फडकं आणून मेजावर सोडलं. आत एक जुना ठसा होता, शाईने काळा पडलेला. लांडगा, केसन् केस उभा राहिलेला. त्याच्या मागे ढग, ढगांत देवांची तोंडं. जबड्यात हात.

शाल्मली ते चित्र पाठ असल्यासारखं ओळखत होती. फक्त इथे, लाकडावर, हात उजवा होता.

तिने मराठी पुस्तकाकडे पाहिलं. ठशाकडे पाहिलं. विचारायची गरज नव्हती, तरी तिने विचारलं.

"हा कुणी कोरलाय?"

"मी. वीस वर्षांचा होतो."

खोलीत कुठेतरी पाल चुकचुकली.

"मालकांनी विलायती पुस्तक दिलं आणि गोष्टही वाचून दाखवली," मास्तर म्हणाले. "ऐकल्यावर मला दोन दिवस दुसरं काही सुचेना. सगळे देव मागे उभे, आणि हा एकटा हात देतोय, हात जाणार हे ठाऊक असून. समोरच्या चित्रात जसा दिसला तसा लाकडावर उतरवत गेलो. चित्र आरशात बघून उलटं कोरायचं असतं, ते आरशात बघायचंच राहिलं. दोन हजार प्रती निघाल्यावर कळलं."

"मास्तर, मी..."

"नाव घालायला लाजलो, ते मात्र खोटं लिहिलंयस. नावाला जागाच नव्हती. लांडगा मोठा झाला."

तिला हसू यायला हवं होतं. तिचे डोळे भरले. तिला वाटलं, आपण इथून उठावं, स्टेशनवर जावं, मिळेल ती गाडी पकडावी आणि पुन्हा मिरजेत पाऊल टाकू नये. मग तिला त्यांचं मघाचं 'मोजलेस?' आठवलं.

"तुम्ही व्याख्यानाला आला होतात," ती म्हणाली.

"शेवटच्या रांगेत. पंखा होता तिथं."

"मग उठून बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तू बरोबर सांगत होतीस."

याच्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर तिला सोसलं असतं. आजवर प्रत्येक भांडणात तिचं एकच शस्त्र होतं, की मी बरोबर आहे. ते त्यांनी न मागता देऊन टाकलं, आणि आता तिच्या हातात काहीच उरलं नव्हतं.

"लोक हसत होते तेव्हा तुम्ही..."

"गोष्टीत कोण हसलं नाही, ते तूच सांगितलंस मघाशी."

शाल्मलीने मान खाली घातली. मेजावर लाकडाचे बारीक कण पडले होते. ते बोटाने गोळा करत ती बराच वेळ बसली. सुपारी कातरल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला होता, सावकाश, अधूनमधून.

मग तिने लेख उचलला आणि फाडायला घेतला.

"थांब," मास्तर म्हणाले. "पाठकोरे आहेत. रूळ पुसायला होतील."

तिने कागद सारखे केले, पालथे घातले आणि शाईच्या डब्याशेजारी ठेवले. आपला छापही ती त्यांच्याखाली सरकवू लागली. मास्तरांनी तो काढून घेतला, दोरीवर चिमट्याने अडकवला. नाव उलटं, हात सुलटा. ओली शाई चमकत होती.

दारात ती थांबली. चपलेचा पट्टा लावायला उगाचच वेळ घेतला. हात उजवा आला तर उद्या बोलू, असं ते म्हणाले होते. हात उजवा आला होता. पण त्या बोलीवर आता काही मागायची तिला लाज वाटत होती.

"मास्तर," ती शेवटी म्हणाली, त्यांच्याकडे न बघता. "उद्या येऊ का?"

मास्तरांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले. शाल्मली उभी राहिली. या वेळी तिला घाई नव्हती.

"ये," ते म्हणाले. "येताना स्वतःचा आरसा आण."