पाचवी सुई आणि खेचूपरी

एवढंसं गाव होतं, एवढंसं घर होतं आणि त्या घरातली एवढीशी सुई हरवली होती. हसलात? हसा, हसा. पुढचं ऐकलंत की तेच दात कडाकडा वाजतील.

घर होतं हौसाचं. हौसा आठ वर्षांची, काडीसारखी बारीक. परकराला सतरा ठिगळं, सतराही वेगळ्या रंगांची; ती पळाली की वाटायचं, इंद्रधनुष्याला पाय फुटले. आई लोकांच्या गोधड्या शिवायची, हौसा सुईत दोरा ओवून द्यायची. खायला कधी असे, कधी नसे. नियम मात्र रोज असे. सकाळी चिंधीत पाच सुया, काम संपलं की पाच सुया. पाच भरल्याशिवाय शिवलेलं काही उंबऱ्याबाहेर जायचं नाही.

आणि त्या दिवशी ते गेलं.

डोंगरापलीकडच्या वाडीत बारसं होतं. बाळाची गोदाआत्या दुपटं न्यायला सकाळीच दारात उभी. दुपटं म्हणजे बाळाची चिमुकली गोधडी. हिच्यावर हिरवे पोपट होते, पिवळा चांदोबा होता, कडेला गुलाबी टिकल्या-टिकल्यांचे टाके होते.

"हौसे, सुया मोजल्यास?" आईनं विचारलं.

"होऽ, पाच!" हौसा अंगणातून ओरडली. मोजल्या कुणी? ती कोंबडीमागं धावत होती. तुम्ही नाही का दात न घासताच "घासले" म्हणता? तसंच.

आत्या दुपटं घेऊन गेली, आई कापड आणायला दुसऱ्या गावी गेली, आणि मग हौसानं चिंधी उलगडली. एक. दोन. तीन. चार.

तिनं चिंधी झटकली. चटई झटकली. चूल, कोनाडा, कोंबडीची पिसंसुद्धा चाचपली. चारच. सुई दुपट्यात गेली होती! आज तिन्हीसांजेला त्यावर लोण्यासारखं मऊ बाळ निजवणार. टोचलं तर ते सांगणार कसं? ते नुसतं रडणार, आणि सगळे म्हणणार, भूक लागली असेल, थोपटा अजून.

तिनं चारही सुया चिंधीसकट कमरेला खोचल्या आणि धूम ठोकली. रस्त्यानं गेली असती तर पोचेपर्यंत दिवे लागले असते. म्हणून ती रानात शिरली.

त्या रानात भरदुपारी अंधार. झाडं एकमेकांच्या कानाला लागून कुजबुजत होती, वेली पायात घुटमळत होत्या. थोडं चालून हौसा एका काळ्या खडकापाशी आली. पुन्हा चालली, पुन्हा तोच काळा खडक. तिसऱ्यांदा तोच! ती खाली बसून रडू लागली. आणि खडक बोलला, "अगं, रडतेस काय? सोडव आधी मला!"

हौसाची बोबडी वळली. पळायला उठली, पण आवाज फारच केविलवाणा होता. तिनं वाकून पाहिलं. खडकाला एक परी चिकटली होती, बोटभर उंचीची! पंख चंदेरी-निळे, झगा लालचुटूक, आणि पायात लोखंडी पैंजण. पैंजण खडकाला घट्ट.

हौसानं ओढलं. "आई गं! पाय उपटशील माझा! ओढू नकोस, बाजूला सरकव."

हौसानं हलकेच सरकवलं. कडेला येताच पैंजण टुण्णकन सुटले आणि परी भिर्रकन उडाली.

"मी खेचूपरी. हा खडक चुंबकाचा, जमिनीतून असाच निघालेला. चुंबकांची राणी मी, आणि आपल्याच आजोबांना चिकटले. कुणाला सांगू नकोस! बोल, तीन इच्छा माग. पण नियम ऐक. माझा चुंबक लोखंडाचं ऐकतो आणि लोखंडाच्या दोनचार भावंडांचं. सोनं-चांदी मागशील तर ढिम्म हलणार नाही. त्याला आपटायचं नाही, तापवायचं नाही, नाहीतर त्याचा जोर जातो. आणि तिसरा नियम माझा स्वतःचा. चोरून वापरलास तर हातात नुसता दगड राहील."

हौसाला सोनं नकोच होतं. "मला वाडी दाखव. लवकर!"

परीनं चिंधीतली एक सुई खडकावर एकाच दिशेनं वीस वेळा घासली, तिच्या एका टोकाला लाल दोरा गुंडाळला आणि खडकापासून लांब नेऊन ती मधोमध दोऱ्यानं बांधून टांगली. सुई गरगरली, डुलली, थांबली. "आता हीच चुंबक झाली. लाल दोरा बांधलेलं टोक उत्तरेला. वाडी तिकडंच. जहाजंसुद्धा अशीच वाट शोधतात."

"आणि हरवलेली सुई?"

परीनं पंख झटकले. हवेत चुंबकाचे चमचमते तुकडे तरंगले. "ही पट्टी, हिचा जोर दोन टोकांना. ही चकती, कपाटाचं दार मिटून धरते, रेडिओच्या पोटात बसून गाणं म्हणते. ही तारेची गुंडाळी, वीज आली की जागी, वीज गेली की झोपली. भंगाराचे ढीग उचलते, दारावरची घंटा वाजवते. आणि हा नाल. दोन्ही टोकं शेजारी-शेजारी, म्हणून एकाच जागी दुप्पट ओढ."

"नाल दे!"

"घे. कापड जाड असलं की ओढ कमी पोचते. टेकवून, सावकाश फिरव. आणि तिसरा नियम विसरू नकोस."

नाल पाठीशी खोचून आणि टांगलेली सुई त्याच्यापासून लांब धरून, थांबून थांबून ती बघत हौसा पळत सुटली. वाटेभर तिसरा नियम काट्यासारखा सलत होता. सगळ्यांसमोर सांगायचं? मग आईला पुन्हा काम कोण देणार?

ती पोचली तेव्हा पाळण्याला झेंडूच्या माळा लागल्या होत्या. दुपटं अंथरलेलं. आत्यानं बाळ उचललं होतं.

नाल परकरात दडवून हळूच फिरवता आला असता. हौसानं डोळे मिटले आणि किंचाळली, "थांबा! दुपट्यात सुई आहे! मी मोजल्या नव्हत्या, खोटं बोलले!"

पाळणा म्हणणाऱ्या बायका वळून तिच्याकडं बघू लागल्या.

"काय बोलतेस गं भवाने?" आत्यानं बाळ छातीशी धरलं. "मी चारदा हात फिरवलाय!"

हौसानं नाल टेकवला. चांदोबावरून, पोपटांवरून, सावकाश. टक्! बायका किंचाळल्या. ती आत्याचीच केसांची पिन निघाली. एक कोपरा, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसरा, तिथंही काही नाही. चौथ्या कोपऱ्यावर दुपट्याचं टोक आपणहून उचललं गेलं आणि नालाला बिलगलं.

टाके उसवले. आत भाकरीचा तुकडा होता. गोधडी उपाशी राहू नये म्हणून शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा घास शिवायची हौसाच्या आईची रीत. तो घास हौसानंच ठेवला होता. कोंबडी आली म्हणून घाईत सुई भाकरीत टोचली आणि कोंबडीमागं पळाली. आईनं दुसऱ्या सुईनं कोपरा बंद केला. भाकरी आता वाळून कडक झालेली, आणि तिच्यातून सुईचं टोक वर आलेलं, चकाकत. तिथंच बाळाचं डोकं येणार होतं.

आत्या मटकन बसली. मग म्हणाली, "पोरी, खरं बोलायला आलीस म्हणून वाचलं गं लेकरू. आमच्या घरची प्रत्येक गोधडी तुझ्याच आईकडं."

पाळण्याच्या दोरीवर खेचूपरी झोके घेत होती. "एक इच्छा उरली!"

हौसानं बाळाकडं पाहिलं. "आमच्या घरची सुई पुन्हा कधी कुणाच्या गोधडीत जाऊ नये."

"मोजणं तुझंच," परी म्हणाली, "पण शोधायला हा तुझ्याकडंच राहू दे." तिनं नालाला लाल गोंडा बांधला, सुयांसाठी एक इवलीशी डबी दिली, तळाशी चुंबकाची चकती असलेली. मग लखलखाट झाला, निळा, चंदेरी, गुलाबी! घरातल्या विळ्या, कड्या, खिळे किणकिणले, आणि दोरीवर नुसता उजेड डुलत राहिला.

तेव्हापासून हौसाच्या घरची गोधडी दोनदा तपासली जाते. आधी बोटांनी सुया, मग नालानं गोधडी. आणि तुम्ही? इतका वेळ गोधडीवर लोळत ऐकताय ना? जरा उठा बघू, पाठीखाली चाचपा.