शेवंताची गाठ

फार दूर, जिथं ढग डोंगराच्या मांडीवर डोकं ठेवून झोपतात, अशा एका गावात शेवंता नावाची विणकरीण राहायची. तिच्या घोंगड्यांनी सारं गाव ऊबेत झोपायचं. तिचं स्वतःचं मन मात्र मागावर ठरत नसे. डोंगरमाथ्याजवळ एक निळं तळं आहे आणि त्यात भरदिवसा चांदण्या दिसतात, असं तिनं लहानपणी ऐकलं होतं. ते तळं तिच्या स्वप्नात यायचं. विणता विणता धोटा हातातच राहायचा आणि बाई तळ्याकाठी पोचलेली असायची.

शेवटी तिनं ठरवलंच, यंदा जायचं. सोबतीला हैबती धनगर तयार झाला. गडी अंगानं दांडगा, आणि हे स्वतःच साऱ्या गावाला सांगत फिरणारा.

पहिल्यांदा वर जाणाऱ्यानं सखबा आजोबांची परवानगी घ्यायची, अशी तिथली रीत होती. आजोबा तरुणपणी माथ्यावर जाऊन आले होते. पायाची दोन बोटं मात्र गारठ्यानं गमावून बसले होते. त्यांनी दोघांना उन्हाळाभर राबवलं. ओझं घेऊन थोडं वर जायचं, उतरून खाली झोपायचं. मग आणखी थोडं वर. लोकरीचे मोजे, पाणी, दोर, परतीच्या वाटेची वेगळी शिदोरी, सगळं त्यांनी स्वतः तपासलं.

निघायच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "वर हवा विरळ. माणसाला गोड गुंगी येते, आणि आलेली कळत नाही. म्हणून हातांना विचारायचं. शेवंता, घोंगडीच्या काठाला मारतेस ती गाठ दर विसाव्याला मारून बघ. हैबती, तू गोफणीला पीळ घाल. जमलं नाही, तर असाल तिथून मागं फिरा."

शेवंता हसली. "अहो आजोबा, ती गाठ तर मी झोपेतसुद्धा मारते!"

"म्हणूनच तीच सांगितली, पोरी."

हैबतीनं जोरात मान डोलावली आणि गोफणीची दोरी घरीच विसरला.

दोघं चढू लागले. दर विसाव्याला शेवंता पिशवीतून लोकरीचा धागा काढी, गाठ मारी आणि पुढं निघे. मग शेवटच्या चढावर ते तळं खरंच दिसलं. निळंशार, हाकेच्या अंतरावर. बर्फ गुलाबी झालं होतं. थंडी कुठच्या कुठं पळाली होती. कुणीतरी आपलं नाव गाण्यात गुंफतंय, असं शेवंताला वाटलं. इतकं सुख तिला कधी झालं नव्हतं.

तिनं धागा काढला. गाठ बसेना. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. आयुष्यभर तळं बघायची आस धरली, आणि आता इथून फिरायचं? तिला रडू कोसळलं. गाठ बसली नाही हे इथं कोण बघतंय, असंही मनात आलं. मग तिनं हातातल्या सुटलेल्या धाग्याकडे पाहिलं आणि तिला भीती वाटली.

"हैबतीदादा, मागं फिरू."

"येडी का काय तू? तळं हे काय समोर! जरा अंग टाकतो, मग जाऊ." असं म्हणून तो हसत हसत बर्फावर आडवा झाला.

त्याला दोरानं बांधून घ्यावं, तर दोराचीही गाठ बसेना. मग शेवंतानं त्याचा हातच धरला. ओढत, दटावत, चिमटे काढत त्याला खाली आणलं. बऱ्याच खालच्या विसाव्यावर दोघांचं डोकं निवळलं.

हैबती कुडकुडत म्हणाला, "माझी घोंगडी कुठाय गं?"

"वर काढून फेकलीस. उकडतंय म्हणालास."

त्याला काहीच आठवत नव्हतं. त्यानंतर गावापर्यंत गडी शेवंताच्या पावलावर पाऊल टाकत आला.

वेशीवर आजोबा वाट बघत उभे होते. शेवंताचे डोळे भरून आले. "आजोबा, तळं राहिलं."

"तिथंच आहे ना ते?"

"आहे."

"आणि तूही आहेस. मग भेट कुठं चुकते?"

पुढच्या उन्हाळ्यात शेवंता पुन्हा वर गेली. तळ्याकाठी बसून तिनं आधी धागा काढला. हैबती शेजारी मुकाट्यानं गोफणीला पीळ घालत होता. गाठ पक्की बसली, तेव्हाच तिनं पाण्यात वाकून चांदण्या पाहिल्या.

तात्पर्य: उंच जायचं स्वप्न जरूर बघावं, पण मागं कधी फिरायचं हे पायथ्याशीच, डोकं ताळ्यावर असताना ठरवावं, आणि वर गेल्यावर मन कितीही मोहलं तरी ते पाळावं.