गुणाईने घटसर्पाला जेवू घातलं

आता सांगतो ते अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर माझ्या ताटातलं दही जन्मभर आंबट राहो. माझ्या पणजीने हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे पणजी तेव्हा जन्मली नव्हती, आणि ती त्या गावचीही नव्हे. पण पाहिलं होतं हे नक्की. तेव्हा नीट सरसावून बसा.

फार वर्षांपूर्वी, डोंगर आजच्यापेक्षा हातभर उंच होते तेव्हा, म्हसपठारावर गवळी धनगरांची एक वाडी होती. घरं थोडी, म्हशी फार. म्हशीला तिथे कुणी जनावर म्हणत नसे. ती घरातलीच एक. तिचं बारसं व्हायचं, आणि ती गेली की घराला सुतक लागायचं. सुतक फिटेपर्यंत चूल पेटायची नाही, मडक्याला हात लागायचा नाही. शेजारी आणून देतील ती भाकरी खायची आणि गप्प बसायचं.

या वाडीत गुणाई झोरे राहायची. नावात गुण होता तेवढाच, असं तिचे शेजारी म्हणत. भांडण हा तिचा श्वास. ती कड्यावर उभी राहून ओरडली की समोरचा डोंगर प्रतिध्वनी द्यायचा नाही. उगाच वाद कशाला, म्हणून. कुणी एकदा तिचं वाकडं केलं की त्याचा चेहरा ती मरेपर्यंत विसरत नसे. आणि नजर अशी, की दरीपलीकडच्या मुंगीला मिशा फुटल्यात की नाही ते ती इकडून सांगायची, असं म्हणतात.

तिचा शेजारी बमू आखाडे, वाडीचा म्होरक्या. पाण्याच्या डोणीवरून दोघांचं बिनसलं होतं. ते इतकं जुनं, की डोण फुटून गेली तरी अबोला शाबूत होता. पण शेजार म्हटला की बोलावं तर लागतंच. म्हणून दोघं गुणाईच्या काजळी नावाच्या म्हशीला मध्ये घालून बोलत.

"काजळे, त्या बमाला सांग, त्याच्या रेड्यानं माझं कुंपण मोडलं."

"काजळे, तुझ्या मालकिणीला म्हणावं, मोडायला आधी कुंपण असावं लागतं."

काजळी रवंथ करायची. तिला दोन्ही बाजू पटत.

एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पठारावर घटसर्प चढला. हा म्हशींचा रोग मोठा वाईट. सकाळी चरायला गेलेली म्हैस दुपारी मान टाकून उभी राहायची, गळा मडक्यासारखा फुगायचा, घशात घरघर लागायची आणि दिवस मावळायच्या आत ती आडवी व्हायची. गोठे ओस पडत चालले. निम्म्या वाडीच्या चुली थंड. शेवटी बमूने सगळ्यांना देवळापुढे जमवलं.

"आखाडी अमावस्या झाली की पठार सोडायचं," तो म्हणाला. "उरलीसुरली म्हसरं इकू, खाली जाऊ, कुणाच्या तरी बांधावर राबू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गुणाई तेवढी उठली. तिच्या गोठ्यात आता काजळी आणि काजळीची म्हातारी आई, एवढ्या दोघीच उरल्या होत्या.

"काजळे, त्याला सांग," ती म्हणाली. काजळी तिथे नव्हती, तरी. "जायचं त्यानं जावं. माझं ह्या रोगाशी भांडान हाय. अर्ध्यात भांडान टाकून म्या कधी उठले न्हाई."

पण भांडायचं कुणाशी? वैरी दिसला तर पाहिजे. गुणाई एका मेलेल्या म्हशीजवळ गेली, तिच्या फुगलेल्या गळ्यातल्या पाण्याचा थेंब बाभळीच्या काट्यावर घेतला आणि सूर्यासमोर धरून डोळे बारीक केले. आणि तिला दिसले, असं म्हणतात. तांदळाच्या कणीची कणी, तिचीही कणी, एवढेसे जंतू. दोन्ही टोकं काळी, मध्ये फिके, आणि गर्दी अशी की जत्रेत नसेल.

"तुमीच व्हय रं ते?" गुणाई म्हणाली. "या. घरी जेवायला या."

तिने बोकडाच्या पायांचं सार उकळलं, गाळलं, कोमट केलं, आणि दुधाला विरजण लावावं तसा तो थेंब त्यात सोडला. मडक्याचं तोंड बांधून चुलीच्या उबेला ठेवलं. दुसऱ्या दिवशी नितळ सार गढूळ झालं. पाहुणे जेवले होते आणि गोतावळा वाढला होता. मग रोज ताजं सार, रोज त्यात कालचा थेंब.

"अगं, वैऱ्याला पोसतीस व्हय?" वाडीतल्या बाया म्हणाल्या.

"वळख करून घेती. अनोळख्याशी मला नीट भांडता येत न्हाई."

मडक्यात आहे तो तोच वैरी की दुसराच कुणी, हे पाहायला तिने त्या सारात काटा बुडवला आणि बमूच्या कोंबड्याला टोचला. कोंबडा आरवत होता. 'कुकूच' झालं, 'कू' राहिलं.

बमू कोंबडा पायाला धरून दारात आला. "काजळे, तुझ्या मालकिणीला इचार, ह्यो कशानं मेला?"

"काजळे, त्याला सांग, मेला न्हाई. कामी आला."

आणि मग काजळीची आई गेली. गुणाईच्या घराला सुतक लागलं. चूल विझली, मडक्यांवरची फडकी तशीच राहिली. ती थंड चुलीपुढे बसून राहिली, आणि तिच्या जन्मात पहिल्यांदाच तिच्या घरातून भांडण ऐकू येईना. समोरच्या डोंगराला एवढी काळजी लागली, की त्याने आपण होऊन एकदा हाक मारून पाहिली, असं म्हणतात.

मडक्यातल्या पाहुण्यांना मात्र कुणी वाढेना. ते तिथल्या तिथे उपाशी बसले, सुकले, त्यांची रग उतरली. सुतक फिटल्यावर गुणाईने फडकं सोडलं तर कुबट वास आला. दुसरी कुणी असती तर मडकं उकिरड्यावर रिकामं करती. गुणाईने ते आधी बमूच्या दुसऱ्या कोंबड्यावर आजमावलं. कोंबडा दिवसभर पिसं फुगवून पेंगला, आणि दुसऱ्या सकाळी उठून त्याने तिच्या बोटाला कडकडून चोच मारली.

"शिळं झालं. गेलं वाया," असं पुटपुटत तिने ते कोपऱ्यात सारलं आणि नुकत्याच मेलेल्या म्हशीचा थेंब आणून नवं मडकं लावलं. ते जोरकस आहे का, हे पाहायला पुन्हा कोंबडं हवं. बमूने तर सगळी कोंबडी डालग्याखाली झाकलेली. बाहेर हिंडत होता तो तेवढा तिच्या बोटाला चोच मारणारा कोंबडा. तिने त्याला टोचलं, आणि आपल्या एकुलत्या कोंबडीलाही टोचलं. कोंबडी गेली. कोंबडा आढ्यावर चढला आणि अख्खा आरवला.

गुणाईने आढ्याकडे पाहिलं. तिच्या ध्यानात आलं. शिळ्या सारातले थकलेभागले जंतू कोंबड्याच्या अंगात गेले, तेव्हा त्याच्या रक्ताने त्यांना लोळवलं, आणि लोळवताना चेहरे पाहून ठेवले. मग ताजे दांडगे आले, ते वेशीवरच ओळखले गेले. चेहरा विसरायचा नाही, हे तर गुणाईचंच शास्त्र. कोंबड्याच्या रक्ताला जमलं ते म्हशीच्या रक्ताला का जमू नये?

तिने शिळं सार काजळीला टोचलं. काजळी दिवसभर खिन्न राहिली, मग पुन्हा चरू लागली. इकडे वाडीची गाठोडी बांधून झाली होती. निघायच्या सकाळी सगळे देवळापुढे जमले, तर समोरून गुणाई आली. एका हाती काजळीचं दावं, दुसऱ्या हाती ताज्या, जोरकस साराचं मडकं.

तिला त्यात काटा बुडवताना पाहिलं आणि बमूचा इतक्या वर्षांचा अबोला सुटला. "गुणाक्का! अगं येकच म्हस ऱ्हायली तुझी!"

"मेली तर तुझ्या मागनं डोंगर उतरते. जगली तर हितनं कुणी हलायचं न्हाई. बोल!"

बमूने तिच्याकडे पाहिलं, काजळीकडे पाहिलं. "शिंगं धरतो," तो म्हणाला.

गुणाईने काटा टोचला. माणसं गाठोड्यांवर बसून राहिली. ऊन माथ्यावर आलं. म्हशी मान टाकायच्या त्या वेळेला काजळीने डोळे मिटले. एक बाई रडू लागली. बमूने काजळीच्या कुशीला कान लावला आणि तो चपापला.

"आत भांडान चाललंय."

"कुणाचं?"

"गुणाक्का, आवाज तर तुझाच हाय!"

सगळी वाडी एकेक करून कान लावून गेली. आत हजारो गुणाया एका सुरात कडाडत होत्या, असं म्हणतात. "आलास का रं पुन्ना? वळखलं तुला! दोनी टोकं काळी, तोंड त्याहून काळं! चल, हो भाईर!"

ऊन कललं तसा आतला आवाज निवला. काजळीने कान झाडले, बमूच्या गाठोड्यात तोंड घातलं आणि त्याची वाटेची भाकरी खाऊन टाकली. मग जो ढोल वाजला, तो खालच्या खोऱ्यातल्या सात गावांनी ऐकला. तिथल्या लोकांना वाटलं, वर लग्न आहे. काही जण आहेर घेऊन चढले. गाठोडी सुटली. वाडीतल्या प्रत्येक म्हशीला शिळ्या साराचा काटा टोचला गेला. घटसर्प पुन्हा खिंडीपर्यंत आला, जो तो गोठा आपल्याला ओळखतोय असं पाहून ओशाळला आणि मागच्या मागे पळाला.

पुढे गुणाई मडकं डोक्यावर घेऊन वाडीवाडीने हिंडली. रक्तालाही विसर पडतो हे तिला कळलं होतं, म्हणून दर वर्षी पावसाच्या आधी नव्याने आठवण द्यायची. शेवटी एका उन्हाळ्यात ती खिंड ओलांडून गेली आणि परतली नाही. कुणी म्हणतं, ती साक्षात यमाच्या रेड्याला टोचायला गेली आणि त्या दोघांचा वाद अजून मिटलेला नाही.

म्हसपठारावर आजही वैशाखात गुणाईची टोचणी असते. आता सरकारी डॉक्टर बर्फाच्या पेटीतून लस आणतात, सुईने देतात. पण म्हैस धरायला ती दोघंच लागतात ज्यांचं वर्षभर पटलेलं नाही. एकाने शिंगं धरायची, दुसऱ्याने शेपूट. गेल्या वर्षी दोन सख्ख्या जावा एका पारडीला धरून उभ्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "ताई, नीट धरा, हलतेय ती." थोरली म्हणाली, "म्हस न्हाई हलत, धाकटी हसतीय." मग दोघी हसल्या आणि सुई चुकली.

आता कबूल करतो. यातला बनवलेला भाग एकच. काजळी पहिली नव्हती. तिच्याआधी गुणाईने आपल्या गोठ्यातल्या किती तरी म्हशींना टोचलं होतं. कधी सार फार जोरकस निघालं, कधी फारच मेलेलं, आणि त्या उठल्या नाहीत. दर वेळी सुतक पाळून गुणाई पुन्हा नवं मडकं मांडायची. त्याला एक पावसाळा नव्हे, अर्धं आयुष्य लागलं. पण तेवढं सगळं सांगत बसलो तर ऐकणारा मध्येच उठून जातो. गुणाई मात्र उठली नाही.

बाकी सगळं खरं. कोंबड्यासकट.