वैराळेसरांची भाकरी

“पण बुवा, जे मला आठवतच नाही, त्याचा दोष माझ्या माथी कसा?”

वैराळेसर मठाच्या ओसरीवर ऐसपैस मांडी घालून विचारत होते. कॉलेजात इंग्रजी शिकवतात. बायको, मालनताई, सोमवारपासून मठात येऊन राहिलेली. तिला परत न्यायला आले होते, आणि आल्याआल्या शिकवणी सुरू!

“थोडी चढली की टिप्सी. सकाळी डोकं ठणकतं, तो हँगओव्हर. आणि रात्रच्या रात्र पुसली जाते, तो ब्लॅकआउट. डॉक्टरसुद्धा हाच शब्द वापरतात. त्या रात्री मला ब्लॅकआउट झाला होता. बस्स.”

बस्स म्हणे! मी बुवांचा शिष्य, शेजारीच बसलो होतो; माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या गल्लीत याला पिऊन धिंगाणा घालणं म्हणतात. बायकोचा हात यानंच पिरगळला, शेजारपाजारच्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. मी तोंड उघडणार, तोच बुवांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

“सर, भूक लागलीय,” बुवा म्हणाले. “एक भाकरी थापून द्याल?”

“मी?”

“या आत.”

स्वयंपाकघरात मालनताई चुलीपाशी बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. सरांनी तिकडे बघायचं टाळलं.

बुवांनी परातीत पिठाचा गोळा ठेवला.

“उजवा हात पाठीमागे धरा. हं, थापा.”

सर डाव्या हातानं थापू लागले. कड चिरली. गोळा परातीला चिकटला...

“एका हातानं भाकरी होते का कुठं!” सर खेकसले.

“नाही होत,” मालनताई म्हणाली. “रोज करून बघतेय.”

रिकामा तवा धूर सोडायला लागला...

“हिचा हात कशानं मोडला, सर?”

“सांगितलं ना, त्या रात्री मला...”

“तुम्हाला काय झालं ते ऐकलं. हिचं विचारतोय.”

सरांनी हाताचं पीठ परातीत झटकलं. मग बायकोकडे वळले. आवाज पार उतरला होता.

“मालन, घरी चल. त्या ब्लॅकआउटमध्ये...”

बुवांनी हात वर केला.

“चपला बाहेर काढून आलात ना, सर? तो शब्दही तिथंच काढून या. मग बोला तिच्याशी.”