खो देणारा बसतो

शुद्धलेखनात काही चुकले किंवा शब्द फार साधे वाटले, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. गोष्ट सरळ आहे.

एका गावात खो-खोचे एक मंडळ होते. त्यात सिदू नावाचा खेळाडू वाऱ्यासारखा पळे. जिल्ह्याचे सामने सुरू झाले आणि जो तो त्याचेच नाव घेऊ लागला.

खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मधली रेषा ओलांडता येत नाही. पळणारा गडी पलीकडे निसटला, की रेषेवर बसलेल्या सोबत्याच्या पाठीला हात लावून ‘खो’ म्हणायचे. तो उठून धावतो आणि आपण त्याच्या जागी बसायचे. ते नको असेल, तर टोकाच्या खांबाला वळसा घालून स्वतःच पलीकडे जायचे. सिदू नेहमी वळसा घाली. गडी मारला की टाळ्या त्याच्या एकट्याच्या.

बसलेले सोबती कुरकुरत. “आम्हाला काय भुईमुगाच्या शेंगा निवडायला आणलंय?” असे एकाने विचारलेही. त्यांतला महिपती मात्र गप्प बसे. लोक त्याला तिसरा खांब म्हणत.

मंडळाला शिकवणारे आबा एकदा म्हणाले, “सिदू, खो देणाऱ्याला बसावं लागतं. तेच तुला जमत नाही.”

“आबा, आपण जिंकतोय ना?” सिदू हसला. मंडळ खरोखरच जिंकत होते.

असे करत मंडळ अंतिम सामन्यात पोहोचले. जिल्ह्याचा चषक त्या गावात कधी आला नव्हता. सारे गाव मैदानाभोवती जमले. शेवटी अशी वेळ आली, की एक गडी मारला तर चषक आपला, नाहीतर समोरच्यांचा. सिदू त्या गड्याच्या मागे लागला. हात टेकणार तोच गडी महिपतीच्या बाजूने पलीकडे सटकला. वळसा घालण्याइतका वेळ उरला नव्हता. सिदूने महिपतीच्या पाठीवर हात ठेवला.

“खो!”

महिपती दचकून उठला. बसून बसून त्याचे पाय आखडले होते. गडबडीत त्याचा पाय मधल्या रेषेपलीकडे पडला. पंचांनी फाउल दिला. तो सावरेपर्यंत गडी लांब गेला आणि वेळ संपली.

लोक महिपतीवर तुटून पडले. खांबाला कुठे पळता येते का, असे कुणी म्हणाले. सिदूच्या पाठीवर मात्र जो तो हात फिरवू लागला. तू खो दिलास, त्याने घालवला, यात तुझा काय दोष? महिपती मान खाली घालून पायांवरची माती पुसत होता.

सिदूला गप्प राहणे सोपे होते. पण तो उभा राहिला.

“त्याला बोलू नका,” तो म्हणाला. “साऱ्या हंगामात मी त्याला आज पहिल्यांदा उठवलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सिदू मैदानावर सगळ्यांच्या आधी आला. महिपती आल्यावर सिदूने त्याला धावायला सोडले आणि स्वतः त्याच्या बसायच्या चौकोनात जाऊन बसला.

तात्पर्य: सोबत्याला संधी वेळेवर द्यावी; ज्याला कायम बसवून ठेवले, तो ऐन वेळी धावला नाही तर दोष बसवणाऱ्याचा.