शेणात उतरलेलं पाचट

लई वर्षं झाली. ऊस तुटून गेला की रानात उरलेल्या वाळक्या पाल्याचं पाचट पेटवून द्यायचं, एवढीच तेव्हा सगळ्यांची अक्कल.

सावित्राबाईच्या गोठ्यामागे गोबरगॅसची टाकी होती आणि शेणाला एकच भाकड म्हैस. चहा उकळायच्या आत शेगडी विझायची. नवरा म्हणाला, "दूध नाही, गॅस नाही. पुढच्या महिन्यात हिला बाजारात नेतो."

म्हशीने ते ऐकलं. गोठ्याशेजारच्या रानातल्या पाचटाला ती म्हणाली, "बाबा, माझ्या शेणासोबत टाकीत चल. गॅस वाढेल, मी वाचेन."

"शेणात? मी उसाचं लेकरू! उद्या मला पेटवतील, एका भडक्यात सुटेन."

"तू सुटशील रे. भाकड म्हशीला बाजारात कोण घेतं, तुला ठाऊक आहे."

पाचट वाळकं होतं, पण निर्दय नव्हतं. "धर तोंडात," म्हणालं.

म्हशीने ते ओढून शेण कालवायच्या कुंडीत टाकलं. सावित्राबाई ओरडली, "मेले, कुंडी तुंबवतेस?" बाईने काढावं, म्हशीने पुन्हा टाकावं. शेवटी बाईच हरली. विळ्याने बारीक तोडून, शेणपाण्यात भिजवून तिने ते टाकीत सोडलं.

पाचट अंधारात कुजलं, घाण सोसली. वीस दिवसांनी शेगडीवर दोन्ही वेळचा स्वयंपाक होऊ लागला.

बाजाराच्या दिवशी नवरा म्हशीला सोडायला आला. सावित्राबाईने त्याच्या हातातला कासरा ओढून घेतला.

"पाचट एकटं कुजत नाही, हिचं शेण लागतं. बाजारात तुम्ही जा, वांगी आणा."